सहीची जागा

टाचणीचं भोक बरोबर कपाळाच्या मधोमध पडलं होतं, टिकलीच्या जागी, आणि भोकाभोवती गंजाचा तांबूस डाग... फोटोवाल्याने "हनुवटी जरा वर" म्हटलं असणार आणि दामिनीने ती जरा जास्तच वर केली असणार — तिला काहीही सांगा, ती सांगितल्यापेक्षा थोडं जास्तच करते. जुईलीने मूठ मिटली. फोटोचे कोपरे तळहाताला टोचत राहिले.

स्वतःचे फोटो शोधायला तिने फोल्डरच्या मागच्या कप्प्यात बोटं घातली होती आणि हा एक भलताच फोटो हाती आला होता. तो नीट बघते न बघते तोच बाबा म्हणाले, "आण ते इकडे. सगळ्याचे दोन-दोन संच मागताहेत, गेटवरून झेरॉक्स काढून आणतो." फोल्डर काखेत मारून ते गेलेसुद्धा. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या त्या लांबलचक हॉलमध्ये ती एकटी उरली, हातात एकसष्ट नंबरचं टोकन आणि समोरच्या पाटीवर त्रेचाळीस. बाबा दाराबाहेर दिसेनासे झाल्यावर मग तिच्या लक्षात आलं की फोटो एकटा नव्हता. तो ज्याला टाचलेला होता तो कागदही त्याच कप्प्यात होता, चार घड्या घातलेला, आणि आता तो बाबांच्या काखेतून गेटकडे निघाला होता.

धावत जाऊन फोल्डर मागता आलं असतं. "बाबा, थांबा, मीच काढते" — एवढंच म्हणायचं होतं. ती उठली नाही. शेजारच्या बाईने विचारलं, "तुहा कितवा नंबर हाये बाई?" तर तिने टोकन वर करून दाखवलं आणि पुन्हा मुठीकडे बघत बसली.

कागद तिने आज सोबत का आणला होता, हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. सकाळी ड्रॉवरमधून काढला, कप्प्यात सरकवला. फाडून टाकायला आणला म्हणावं तर बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंत गाडीची खिडकी उघडीच होती. द्यायला आणला म्हणावं तर बाबा सबंध वेळ समोरच्या बाकावरच बसले होते, मूर्तिजापूरला त्यांनी चहासुद्धा घेऊन दिला. मग कशाला आणलास, जुईली? ...सोबत असावा म्हणून. दुखऱ्या दाताला जीभ लागते तशी.

आज ठरवायचं होतं. अमरावती विद्यापीठाचं सिव्हिल की इथलं कृषी अभियांत्रिकी — दोन्ही लागलं होतं, दोन्ही सरकारी, आणि गेले चार दिवस घरात साडी निवडल्यासारखी चर्चा चालली होती. आईने, रमाबाईंनी, वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून दोन बाजू केल्या होत्या. अमरावतीच्या बाजूला पहिलंच 'घरचं जेवण', अकोल्याच्या बाजूला 'हॉस्टेल (मेस कशी?)'. आबा, म्हणजे आजोबा, आरामखुर्चीतून म्हणायचे, "सिव्हिल घे. शेतीचं शिक्षण घेऊन कुणाचं भलं झालंय?" आणि बाबा म्हणायचे, "तुला वाटेल ते घे, बेटा, तुझ्या मनासारखं होऊ दे." मनासारखं! त्या शब्दाला ती दचकायची. आपल्या मनात काय आहे हे बाबांना दिसलं तर ते असं म्हणतील का...

अकोला तिला हवं होतं. पण ते हवंसं कधी झालं, ती तारीख तिला ठाऊक होती.

मागच्या पौषात हुरडा खायला सगळे चांदूर रेल्वेजवळच्या वावरात गेले होते. वावर आपलं, म्हणजे बाबांच्या नावावर, पण जुईलीने ते उभ्या जन्मात तीनदा पाहिलं असेल. वाहतात, म्हणजे कसतात, ते सहदेवकाका ढोले — दामिनीचे वडील. दरवर्षी अक्षय्यतृतीयेला ते अमरावतीला घरी येतात, खुर्ची पुढे केली तरी खाली सतरंजीवर बसतात, आणि आबा म्हणतात, "यंदापुरतं हं सहदेव." सहदेवकाका म्हणतात, "हो जी, यंदापुरतंच." असं अकरा वर्षं यंदापुरतं चाललंय. कागद नाही, पावती नाही. आबांच्या तरुणपणी कूळकायद्यात त्यांच्या वडिलांची निम्मी जमीन कसणाऱ्यांच्या नावावर गेली, त्या दिवसापासून घरात एक नियम — काय बोलायचं ते तोंडी बोला, लिहून द्यायचं नाही. जुईलीला हा नियम पाढ्यांसारखा पाठ होता. घरात सगळे वकील, बाबा तर नोटरी, कोर्टाच्या आवारात टेबल टाकून दिवसाकाठी चाळीसेक अनोळखी लोकांच्या कागदांवर सही-शिक्का करतात. पण वावराबद्दल एक चिठोरं नाही.

तर हुरडा खाताना दामिनी बांधावर पेरणीयंत्र दाखवत होती. काळी माती ओली असली की बियाची नळी चोंदते, म्हणाली, आणि वरून काही कळत नाही. "मानूस आपला पेरत जाते, बैल चालते, सगळं बराबर दिसते. मंग दहा दिवसानं पाहा — अख्खं तास मोकळं, त्या ओळीत एक बी उगवलं नाई! मले असं काई बनवाचं हाये का नळी चोंदली का तिथंच वाजलं पायजे. म्हनून मले अकोल्यालेच जा लागते." ती बोलत होती, तिच्या नखांत ग्रीस होतं, आणि जुईलीला तिचा मत्सर वाटला. साधा, आंबट मत्सर... हिला ठाऊक आहे तिला काय हवंय आणि का हवंय! मला नव्वद टक्के आहेत, दोन क्लास आहेत, स्वतंत्र खोली आहे, आणि मला काहीच हवं नाहीये. घरी आल्यावर पंधरा दिवसांनी कुणा पाहुण्यांनी विचारलं, पुढे काय करणार? तर तोंडातून निघालं, "कृषी अभियांत्रिकी. पेरणीयंत्राची नळी चोंदते ना, काका..." पाहुणे थक्क झाले. आई कौतुकाने बघत राहिली. त्यानंतर ते कारण तिने सात-आठ ठिकाणी सांगितलं, आणि दर वेळी ते जरा जास्त छान सांगता येऊ लागलं.

पाटीवर एकोणपन्नास झाले. बाबा अजून आले नव्हते. गेटवर गर्दी असेल. झेरॉक्सवाला कागद एकेक काढून काचेवर ठेवत असेल — दहावी, बारावी, रहिवासी, सातबारा...

सातबारा. खरं म्हणजे सगळं तिथूनच. इथल्या प्रवेशाला घरच्या शेतीचा सातबारा जोडला की शेतकऱ्याचं मूल म्हणून बारा टक्के वाढीव मिळतात. जुईलीला ते मिळाले. आणि सातबारा चोख होता, सोयाबीन, तूर, सगळ्या पिकांची नोंद वेळच्या वेळी. कारण ती नोंद दामिनीने केली होती. मोबाइलवर पीक पाहणी करायची असते, पिकात उभं राहून फोटो काढायचा असतो, आणि खातं बाबांच्या नावाचं, म्हणून मंजुरीचे आकडे बाबांच्या फोनवर येतात. दामिनी वावरातून फोन करायची, "जुई, वकीलसाहेबाच्या मोबाइलवर ओटीपी आला असन, सांग बरं लवकर, इथं रेंज जाऊन राहिली." जुईली पंख्याखाली पडल्या-पडल्या आकडे वाचून दाखवायची. एवढाच माझा शेतीशी संबंध, मी आकडे वाचले. तिने चिखलात उभं राहून माझा कागद तयार केला आणि त्या कागदाने मला तिच्यापुढे नेऊन बसवलं. वाढीव टक्के सोडले तर ती माझ्यापुढे होती, तीन गुणांनी.

आणि ते वाढीव टक्के तिलाही मिळाले असते. ज्यांना जमीन नाही त्यांच्यासाठी शेतमजुराचा दाखला चालतो. त्यासाठीच दामिनी सकाळच्या एसटीने अमरावतीला आली होती, बाबा कोर्टात गेले होते, आईने तिला पोहे दिले. ती पायऱ्यांवर बसून घाईघाईने पोहे खात म्हणाली, "तलाठी म्हने, ज्याचं वावर वायता त्याचं लिहून आना, मंग दाखला भेटते. मीच लिहून आनलं, साहेबाले काई तरास नाई. फक्त सही. हे पाय, इथं पेन्सिलीनं फुली केली." सुबक अक्षर, समास सोडलेला, वर टाचणीने फोटो. 'मी पुष्कर कमलाकांत बोरगावकर असे लिहून देतो की, माझे मालकीचे शेत सहदेव ढोले हे गेली अकरा वर्षे स्वतः वाहतात...' अकरा वर्षे. तिने खरं ते लिहिलं होतं, तिला काय माहीत की आबांच्या घरात याहून भयंकर वाक्य दुसरं नाही. "संध्याकाळी देते बाबांना," जुईली म्हणाली. "इसरू नको," दामिनी म्हणाली आणि बशी स्वतः विसळून ठेवून गेली.

विसरले नाही. तेच तर. विसरले असते तर आज मी माणसात असते.

पहिल्या संध्याकाळी वाटलं, बाबा दमून आलेत. दुसऱ्या दिवशी वाटलं, आबांसमोर नको. मग सगळे दोन दिवस सेमाडोहला जाऊन आले, जंगल पाहिलं, वाघ दिसला नाही. मग वाटलं, बाबा सही करणारच नाहीत, त्यांना नाही म्हणावं लागेल, त्यांना किती वाईट वाटेल, मग त्यांना त्या संकटात घालायचंच कशाला? किती समजूतदार मुलगी! स्वतःच्या या समजूतदारपणाची आता शिसारी येत होती. दामिनीचा फोन आला, "झाली का सही?" तेव्हा सेमाडोहहून परतून एक दिवस झाला होता, बाबा आतल्या खोलीत पेपर वाचत होते, आणि ती म्हणाली, "अगं, बाबा सेमाडोहलाच आहेत, तिथं रेंज नसते." आवाज जराही कापला नाही. "बरं, आल्यावर घेजो," दामिनी म्हणाली. परत तिने विचारलं नाही. मुदत संपली. यादी लागली त्या दिवशी तिचाच पहिला मेसेज — 'तुहं लागलं म्हने अकोल्याले! पेढे पायजे.' स्वतःचं नाव कुठे आहे ते लिहिलं नव्हतं. जुईलीने शोधलं. एकशे बारावं. म्हणजे आज इथली जागा सोडून घरी गेलं तरी ती दामिनीला मिळणार नव्हती, ती मधल्या कुणा भलत्याला मिळणार. चार दिवस ती मनातल्या मनात त्यागाची तालीम करत होती, सिव्हिल घेते, अकोला सोडते, आणि त्यागानेही काही भागत नव्हतं... जागा सोडून मोकळं वाटलं असतं ते फक्त तिचं तिलाच.

"कितीवर आलं?" बाबा. घाम पुसत उभे.

"अठ्ठावन्न."

त्यांनी फोल्डर आणि झेरॉक्सचा गठ्ठा तिच्या मांडीवर ठेवला आणि दुसरीकडे बघत म्हणाले, "सगळ्याच्याच दोन-दोन काढल्या त्याने." 'सगळ्याच्याच' हा शब्द त्यांनी जरा हळू उच्चारला की तिला तसा वाटला? तिने गठ्ठा चाळला. दहावी, बारावी, सातबारा... आणि तळाशी, दोन प्रती, दामिनीचं सुबक अक्षर. फोटोच्या जागी कोरा चौकोन. टाचणीच्या गंजाचा डाग झेरॉक्समध्ये काळा उठला होता. खालची पेन्सिलीची फुलीसुद्धा आली होती, फिकट.

आता ते बोलतील, आता विचारतील. बाबा पंख्याकडे बघत होते.

एकसष्ट लागला. टेबलामागच्या मॅडमचा चष्मा नाकावर घसरला होता, पण त्या मायाळू वाटल्या. त्यांनी सातबारा उलटसुलट पाहिला. "वा, पीक पाहणी वेळेवर हाये तुमची. लोक करतच नाई. कोन वाहते वावर? तुमी तर अमरावतीले राहता."

"आम्हीच," बाबा म्हणाले.

सहज म्हणाले. थोड्या वेळापूर्वीच तो कागद वाचलेला माणूस, 'गेली अकरा वर्षे स्वतः वाहतात' वाचलेला माणूस. आणि जुईलीने मान डोलावली. कुणी सांगितलं नव्हतं डोलवायला.

"अन् तुला सिव्हिल भेटून हे काहून घ्यावं वाटते?"

"पेरणीयंत्राची नळी चोंदते ना, मॅडम," ती म्हणाली, आणि पुढचं सगळं आपोआप आलं, ओली माती, मोकळं तास, दहा दिवस. शेजारच्या टेबलावरचे सरसुद्धा ऐकायला लागले. "अशा पोरी पायजेत इथं," मॅडम म्हणाल्या. जुईलीला वाटलं, आत्ता इथेच जमीन दुभंगली तरी मला ती आत घेणार नाही, तिचीसुद्धा काही आवडनिवड असेल.

मॅडमनी एक अर्ज पुढे सरकवला. "पाचपर्यंत सही करून आनून दे. नसन घ्यायचं तर तसं लिहून दे, पन लटकत ठेवू नको." त्यांच्या मागे भिंतीवर सूचना होती — ज्यांची कागदपत्रे राहिली आहेत त्यांनी दुसऱ्या फेरीसाठी ती शुक्रवारी सायंकाळपर्यंत सादर करावीत. आज मंगळवार. जुईलीने सूचना दोनदा वाचली. मग तिला दिसलं की बाबाही तीच वाचताहेत.

बाहेर लिंबाखाली सिमेंटचा बाक होता. दोघं बसली, मधे फोल्डर. एक कुत्रं येऊन बघून गेलं.

"मी इतके दिवस ड्रॉवरमध्ये ठेवला होता," ती म्हणाली. बोलताना वाटलं होतं की रडू फुटेल, फुटलं नाही. "मुद्दाम. तिला खोटं सांगितलं."

"माहीत आहे."

ती वळली.

"सेमाडोहहून आलो त्या दिवशी स्टेपलर शोधत होतो," बाबा म्हणाले. ते बुटांच्या टोकांकडे बघत होते. "तुझ्या ड्रॉवरमध्ये दिसला. वाचला. परत होता तसा ठेवला." एका बुटावरची धूळ झटकत, "तू देत नाहीयेस हे बघून मला बरं वाटलं, जुई. नाही म्हणायची पाळी आली नाही. दामिनीचा फोन आला तेव्हाही मी ऐकलं, आतून. म्हटलं, पोरीनेच निभावलं."

पोरीनेच निभावलं! पहिल्यांदा तिला सुटल्यासारखं झालं, म्हणजे मी एकटी नव्हते. आणि लगेच त्या सुटकेचीच लाज वाटली, कारण लाजेला जोडीदार मिळाला म्हणून चांदूरला कुणाचं काही बदलत नव्हतं. मग राग आला, बाबांचा, कडकडून. इतके दिवस मी त्या ड्रॉवरजवळ झोपत होते आणि तुम्ही भिंतीपलीकडे पेपर वाचत होता. मग तोही ओसरला. शेजारी बसलेला माणूस एकदम लहान दिसत होता, गृहपाठ न केलेल्या मुलासारखा, आणि त्याचं नाक, त्याची ती बुटांकडे बघत बसायची सवय, सगळं आपलंच आहे हे तिला असं कधी दिसलं नव्हतं.

तिने मूळ कागद काढला. चार घड्या उलगडल्या, मांडीवर हाताने सपाट केला. मूठ उघडली. फोटो घामाने किंचित वाकला होता, दामिनीची हनुवटी अजून तशीच वर. कप्प्याच्या तळाशी टाचणी सापडली. तिने ती त्याच जुन्या भोकातून घातली, नवं भोक पाडायचं नव्हतं, आणि कागदाला टोचली. खाली पेन्सिलीची फुली होती. शेजारी तिचा स्वतःचा अर्ज, त्यावरही सहीची जागा कोरी. अकोला की अमरावती, ते तिला अजून ठाऊक नव्हतं, आणि गंमत म्हणजे चार दिवसांत पहिल्यांदाच ते तितकंसं महत्त्वाचं वाटत नव्हतं.

"बाबा, पेन."

बाबांचा हात शर्टच्या खिशाकडे गेला. रोज चाळीस सह्या करणारा हात. पेनच्या टोपणावर बोटं टेकली आणि तिथेच राहिली.

"आबांना काय सांगायचं?" त्यांनी विचारलं. खरोखरच विचारलं, तिला, जणू तिला माहीत असणार.

हॉलमधून कुणीतरी पंच्याहत्तर नंबर पुकारला. जुईलीने हात पुढे केला होता तो तसाच ठेवला. कोपर अवघडायला लागलं, बोटांना रग लागली, पण तिने तो मागे घेतला नाही.